गरम बॉनेट

मुलगा घरची बाणासारखी सुटणारी हॅचबॅक बेफाम पळवतो म्हणून बापाने चावी काढून घेतली, रोज जेवताना वेगावर प्रवचन दिलं आणि शेवटी गाडी विकायला काढली. आलेलं गिऱ्हाईक जाणकार होतं. त्याने रंगाकडे बघितलंही नाही, आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"काकू, महिनाभर गॅरेजात उभी आहे म्हणालात. ही तर आत्ताच फिरून आलीय."

आई मुलावर उसळली. "लाज विकून खाल्लीस का रे? तुझ्या काळजीने बापाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तू चोरून गाडी उडवतोस?"

"आई, चावी बाबांच्या खिशात असते."

बाप वाकून टायर तपासायला लागला.

 

"भाऊ," आई गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो भाव. पण आत्ताच्या आत्ता घेऊन जा."