जांभळ्या बुचाची नळी

"सही करू नका," धाकटी डॉक्टर म्हणाली आणि तिने निवृत्त बसचालकाच्या हातातलं पेन सरळ काढून घेतलं.

टेबलापाशी त्याचा म्हातारा कुत्रा उभा होता. तीन दिवस पोटात अन्न नाही, तरी स्वारी साखळी ओढत दाराकडे निघाली होती. बसचालकाचे डोळे रडून सुजले होते. मोठे डॉक्टर, म्हणजे तिचे बाबा, शेवटचं इंजेक्शन भरून तयार होते.

"रिपोर्ट बघितलास ना? मूत्रपिंडं संपलीत. पोटॅशियम आभाळाला भिडलंय. कशाला हाल करायचे मुक्या जिवाचे?"

"बघितला, म्हणूनच सांगते. कॅल्शियम जवळजवळ शून्य आहे. हे आकडे खरे असते, तर हा उभाच राहिला नसता, बाबा. रक्त मी पुन्हा काढते."

चाळीस वर्षांच्या अनुभवाला कालची पोर शिकवते म्हटल्यावर बाबांना मिरच्या झोंबल्या. ती बधली नाही. तिने कुत्र्याच्या मानेवरचे केस भादरले, अंगठ्याने शीर दाबली, आधी पोटॅशियम-कॅल्शियम मोजायची लाल बुचाची नळी भरली, मग रक्तपेशी मोजायची जांभळ्या बुचाची. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचा क्षार असतो. तो कॅल्शियम गिळून टाकतो. त्या नळीतलं रक्त लाल नळीत ओतलं, की धडधाकट जनावरही कागदावर मरायला टेकतं.

यंत्राने वीस मिनिटं घेतली. पोटॅशियम ठीक. कॅल्शियम ठीक. मूत्रपिंडं थकलेली, पण चालू; सलाईन आणि पथ्यावर निभावण्यासारखी. बसचालक कुत्र्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

ते दोघे सलाईनच्या खोलीत गेल्यावर तिने दार लावून घेतलं.

"सकाळचं रक्त तुम्हीच काढलंत ना? एका नळीतलं दुसरीत ओतलंत?"

"दुसऱ्यांदा शीर सापडली नाही गं. म्हटलं, रक्त ते रक्त. थोडं ओतलं तर काय बिघडतंय?"

"आज पहिल्यांदाच?"

बाबांनी कपाट उघडलं. इंजेक्शन देण्याआधी मालकांनी सह्या केलेल्या संमतीपत्रांची जाड फाईल काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

"हात वर्षभर थरथरतोय," ते म्हणाले. "यातले किती नाहक गेले, ते तूच शोध."