तांदळातलं नाव

टोरांटोच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने समोरच्या बाईचे दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "ब्रिटिश पासपोर्टवर हेमलता, कॅनडाच्या पासपोर्टवर मृणालिनी. या दोन बायका आहेत का?"

"एकच आहे हो, मीच!" तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चढला. "लंडनला जन्मले, तेव्हा वडिलांनी हेमलता ठेवलं. लग्न होऊन इकडे आले, तर नवऱ्याने ताटभर तांदळात अंगठीने मृणालिनी लिहिलं!"

मागची रांग चुळबुळायला लागली. मुलगी दोन्ही पासपोर्ट घेऊन साहेबांना विचारायला निघाली, तशी हीसुद्धा तणतणत तिच्या मागे गेली.

"अगं! अगं ए!" सामानापाशी उभ्या नवऱ्याने हाक मारली.

ती गर्रकन वळली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"जन्मभर 'अगं'च म्हणायचं होतं," ती म्हणाली, "तर माझं हेमलता काय वाईट होतं?"