झाकण उघडायचे नाही

“काकी, तिथून उठा. मशीनची हवा कोंडून राहिली.”

दुलीचंदने हे तिसऱ्यांदा सांगितले. शकुंतलाबाई हलल्या नाहीत. मृतदेह थंड ठेवणाऱ्या शवपेटीच्या ज्या बाजूच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडत होती, नेमक्या तिथेच त्या जाळीला खेटून बसल्या होत्या. मे महिन्यातली सकाळ असूनही ओसरी तापली होती. बाकीच्या बाया केव्हाच सावली पाहून दूर सरकल्या होत्या.

पेटीत त्यांचे पती बकाराम होते. आदल्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठता उठता ते गेले. एकुलता एक मुलगा स्वप्निल मस्कतला नोकरीला होता. तो येईपर्यंत थांबायचे ठरले.

केशोरीत असे थांबता येऊ लागले ते दुलीचंदमुळे. गावच्या युवक मंडळाने आणलेली जुनी पेटी वीज भरमसाठ खायची आणि थंडी मात्र धरायची नाही. वीज गेली की बॅटरीवर ती तासाभरातच दम तोडायची. मागच्या उन्हाळ्यात नूतन नावाची एक लेक माहेरी पोहोचली, तेव्हा तिच्या आईची राख सावडायची वेळ झाली होती. तिचा तो आक्रोश ऐकून दुलीचंद पेटी आपल्या दुकानात घेऊन गेला. फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात त्याचा हात बसला होता. त्याने पेटीच्या भिंतींत जाड फोम भरला, झाकणाला दुहेरी काच बसवली, कडेचे रबर बदलले आणि थोड्या विजेवर चालणारा कॉम्प्रेसर जोडला. आता तीच पेटी तेवढ्याच बॅटरीवर अर्धा दिवस काढायची. अट एकच होती, झाकण उघडायचे नाही. दर्शनाला येणारी बाई पायांवर हात ठेवायला झाकण उचलू लागली, की दुलीचंद मध्ये पडायचा. एकदा उघडले की तासाभराची थंडी जाते, हे तो न कंटाळता प्रत्येकीला समजावायचा.

“दुलीचंद, आमच्या घरचे कुलर सकाळपासून बंद, अन बकाराम मात्र थंड्या हवेत,” खाटेवर बसलेला एक म्हातारा म्हणाला. “याच्या पेटीत जागा भेटावी म्हणून मरा लागते.”

दोघेतिघे हसले.

वीज पहाटेच गेली होती. इन्व्हर्टरवरचे बॅटरी किती उरली ते दाखवणारे दोनच दिवे उरले होते. स्वप्निल नागपूरला उतरून गाडीत बसल्याचा फोन आला होता. अजून दोन-अडीच तासांची वाट होती. जाळी मोकळी राहिली तर पेटी तेवढा वेळ सहज काढणार होती. जाळी झाकली गेली की मशीन तापणार, जास्त वीज ओढणार आणि मुलगा वाटेत असतानाच बंद पडणार. दुलीचंदला दुसरे काही सुचत नव्हते.

“वयनी, तो काय म्हणून राहिला, आयकू येत नाही काय?” बकारामांचे धाकटे भाऊ भैय्यालाल ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाले. “पोराले बापाचं तोंड दिसू देशीन का नाही?”

शकुंतलाबाईंनी दिराकडे पाहिलेही नाही.

दुलीचंद त्यांच्याजवळ उकिडवा बसला. काल सकाळी त्या घरी नव्हत्या. भाचीच्या लग्नासाठी फुलचूरला गेल्या होत्या. निरोप मिळताच निघाल्या, पण पोहोचेपर्यंत बकाराम पेटीत होते. घाई दुलीचंदनेच केली होती. जितके लवकर ठेवाल तितके बरे, असे त्याने भैय्यालालना सांगितले होते आणि ते खरेही होते. शकुंतलाबाईंनी आल्या आल्या काचेवर हात ठेवून फक्त एकदा विचारले होते, “एक डाव हात लावू काय?” तेव्हा तो म्हणाला होता, “आता नको काकी. आताच थंडी धरली. स्वप्निल आला की उघडू.” त्यांनी पुन्हा विचारले नाही. कुणी अडवले की पुन्हा न मागणाऱ्यांपैकी त्या होत्या.

“काकी, इथे झळ लागते,” तो आवाज उतरवून म्हणाला. “तिकडे सावलीत बसा. इथे काऊन बसून राहिल्या?”

त्यांचा एक तळवा जाळीवर टेकलेला होता, तो त्यांनी काढला नाही. तसेच त्यांनी विचारले, “बाबू, हे गरमी कोठची होय?”

“आतली, काकी. मशीन आतली गरमी ओढते अन इकडून बाहेर फेकते. म्हणून तर आत थंड राहते.”

शकुंतलाबाईंनी दुसराही तळवा जाळीवर टेकवला. दोन्ही हातांनी त्या जणू काही धरून ठेवू पाहत होत्या.

“मंजे त्यायची?”

दुलीचंदने इन्व्हर्टरकडे पाहिले. दोनपैकी एक दिवा विझला होता. या यंत्राविषयी त्याने आजवर कुणाला चुकीचे सांगितले नव्हते. बकारामांच्या देहातली ऊब कालच, रात्र पडायच्या आत निघून गेली होती. ती याच जाळीतून बाहेर पडली होती आणि तेव्हा इथे कुणीही बसले नव्हते. आता येत होती ती कॉम्प्रेसरची आणि बाहेरच्या उन्हाची झळ.

“हो काकी,” तो म्हणाला, “त्यायचीच.”