पाइपावरचा समुद्रघोडा

फुटलेल्या बॉयलरच्या आडून केतकीने हात हलवून बोलावलं, तशी मृदुला पोहत तिकडे गेली. बुडालेल्या जहाजाच्या एका गंजक्या पाइपाला शेपटीचा वेढा घालून समुद्रघोडा प्रवाहाबरोबर हलकेच डुलत होता.

मृदुला सात वर्षं या जहाजावरचे मासे मोजत होती. गोबरे दिसले, सिंहमासे दिसले. समुद्रघोडा कधीच नाही. केतकीची ही तिसरीच बुडी. मृदुलाच्या पोटात दुखलं, आणि ते का दुखतंय हेही तिला नीट कळलं.

होडीत बसून दोघींनी पाण्याखाली नोंदी लिहायच्या आपापल्या प्लास्टिकच्या पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोघींनी पाहिलं तरच नोंद, हा नियम मृदुलानेच घातला होता.

"मॅडम, तुम्ही घोडा लिहिला नाहीत?"

"कुठला घोडा?"

"पाइपावरचा. मी दाखवला की तुम्हाला."

"ते शेवाळ होतं, केतकी. सुरुवातीला सगळ्यांना असंच काहीबाही दिसतं. मला तर एकदा मगर दिसली होती."

केतकी हसली. ती पुन्हा खाली जाऊन बघू म्हणालीच, तर टाकीत हवा उरली नाही, असं सांगायचं मृदुलाने ठरवून ठेवलं होतं. पण केतकीने खोडरबर घेतला आणि ती ओळ शांतपणे पुसून टाकली.

"तुम्ही सोबत होतात म्हणून बरं, मॅडम," ती म्हणाली. "नाहीतर माझ्या हातून खोटी नोंद झाली असती."