आपल्या मालाइतकी काळजी

सकाळचे ऊन गोदामात एकदम येत नाही. आधी ते छपराजवळच्या झरोक्यात थबकते, तिथल्या धुळीला सोनेरी करते, आणि मग रचलेल्या पोत्यांवरून, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने, सावकाश खाली उतरते. आज ते उतरत उतरत भिंतीलगतच्या फळ्यांच्या चळतीवर आले. गोदामवाल्याला वाटले, त्याने तिथवर यायला नको होते.

तंतुवाद्ये घडवणारा म्हातारा चळतीपुढे उकिडवा बसला होता. त्याने बोटाच्या पेराने एक फळी वाजवली. लाकूड तो असेच पारखत असे. आवाज पोकळ आला. दुसरी वाजवली, तर बोटच आत गेले. वरून अखंड दिसणारी फळी आतून माती झाली होती. हे लाकूड त्याच्या वडिलांनी कापून वाळत घातले होते. आपल्या मुलीच्या पहिल्या वाद्यासाठी म्हाताऱ्याने ते राखले होते. घरात जागा नव्हती, म्हणून भाडे भरून इथे ठेवले होते. वाळवी लागल्याचे कळल्यावर त्याने भरपाईचा दावा लावला होता, आणि आज तो फळ्या स्वतः बघायला आला होता.

"वाळवी काय सांगून येते, काका?" वकील म्हणाला. तो गोदामवाल्याचा मेहुणा. "आता तिच्यावर समन्स काढायचं का?"



"मला कायद्यातलं कळत नाही," म्हातारा म्हणाला. "तुम्हीच सांगा."

"साधं आहे. शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी गोदामवाल्यानं घ्यायची. घेतली असेल, तर नुकसान मालकाचं. नसेल, तर भरपाई याची, आणि परवानाही गेला." तो वळला. "भाऊजी, घेतली होती ना?"

"घेतली होती."

गेले कित्येक दिवस गोदामवाला हेच म्हणत होता. वकिलाला, आणि एकटा असताना स्वतःलाही.

 म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"मग झालं तर. तू हयगय करणारा नाहीस, एवढं मी ओळखतो. दावा मागे घेतो. पोरीला सांगतो, नव्यानं लाकूड वाळत घालू. ते मुरेपर्यंत मी नसेन, एवढंच."

वकिलाने सुटकेचा निःश्वास सोडला. जाता जाता म्हाताऱ्याने गोदामवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला वजन असे नव्हतेच. तरी गोदामवाल्याला ते पेलेना.

"काका, थांबा."

"भाऊजी, गप्प बसा," वकील पुटपुटला.

"माझ्या बायकोचं कपाट इथंच होतं. या भिंतीवर वाळवीची माती दिसली, तेव्हा ते मी घरी नेलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तुमच्या फळ्या लावल्या."