दीक्षानं सांगितलेला सिनेमा

अमरसिंहनं आईला मुद्दाम आणलं होतं. जुना ब्रिटिश सिनेमा, कादंबरीवरून केलेला. मोठ्या घरचा मुलगा, गावातल्या शिंप्याची मुलगी. तो बघून आईचं मन जरा मऊ होईल, मग विषय काढू, असा त्याचा बेत.

अंबूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून त्यांच्या शेजारी बसून दीक्षा कानाशी सगळं मराठीत सांगत होती. ऑफिसातली मैत्रीण, एवढीच तिची ओळख त्यानं करून दिली होती. पलीकडं तो स्वतः सारखा चुळबुळत होता.

पडद्यावर जेवणाचं लांबलचक टेबल. मुलाच्या आईनं त्या मुलीबद्दल विचारलं. मुलानं मान खाली घातली.

"आता काय म्हणाला?" अंबूबाईंनी विचारलं.

"काही नाही, काकू."

"मघाधरनं काहीच म्हणंना. मुका हाय काय?"

सिनेमा संपला. मुलानं घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी लग्न केलं होतं.

बाहेर ऊन रखरखत होतं. अमरसिंहनं गाडी दारात आणली. मागचं दार उघडता उघडता अंबूबाई थांबल्या. "लई चांगलं सांगितलंस बघ. कुणाची गं तू?"

दीक्षानं अमरसिंहकडं बघितलं. काच खालीच होती. तो आरसा नीट करत होता.

"कबनूरच्या भाऊसो कांबळ्यांची. बुद्धविहाराला लागून घर आहे आमचं." ती थांबली नाही. "अमर आणि मी लग्न करायचं ठरवलंय, काकू. तो आज तुम्हाला सांगणार होता. दिवाळीतही सांगणार होता."

अंबूबाई दाराची मूठ धरून तशाच उभ्या राहिल्या. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. त्यांनी पोराकडं बघितलं. पोरगं समोर बघत होतं.

"मला अजून काय सुचंना," त्या शेवटी म्हणाल्या. "पण उनात उभी ऱ्हाऊ नको. म्होरं बस."

"नको, काकू. मी रिक्षानं जाते."

दीक्षा फाटकाकडं चालू लागली. वळून बघितलं नाही तिनं. मागचा हॉर्न थांबेना. अमरसिंहनं गियर टाकला.

अंबूबाईंनी गाडीच्या टपावर जोरात थाप मारली.

"कुठं निघालास? उतर की खाली!"