वगळलेली ओळ

सिम्युलेटरच्या नकली कॉकपिटमध्ये एकदम पाच इशारे पेटले. एक भोंगा सांगत होता, वेग फार झालाय. दुसरा ओरडत होता, वेग कमी आहे, विमान पडेल!

"दोघांपैकी एक थापा मारतोय," कॅप्टनबाई म्हणाल्या. अशा वेळी त्यांना भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटे. "बघू तरी कोण ते. विमान मी सांभाळते, तुम्ही आणीबाणीत करायच्या कामांची यादी वाचा."

सहवैमानिकाच्या हातून यादीचं पुस्तकच निसटलं. आत शिरताना तो कुजबुजला होता, "दोनदा नापास झालोय, मॅडम. आजची परीक्षा गेली तर नोकरी गेली. घरात दोन लेकरं आहेत."

पंधरा वर्षांची इच्छा पुरी होऊन पुढच्या महिन्यात बाई स्वतः परीक्षक होणार होत्या. असल्या माणसाला नापास करणं आपल्याला जमणार कसं, हाच त्यांना घोर होता.

मागे बसलेले परीक्षक वहीत काहीतरी टिपत होते.

सहवैमानिकाने भलतंच पान उघडलं.

"हे नव्हे, पुढचं," बाई म्हणाल्या.

मग त्याचा हात थेट धडधाकट इंजिन बंद करायच्या बटणाकडे गेला आणि बोटभर अंतरावर थबकला.

"अं हं! आधी वाचायचं, मग दोघांनी बघायचं, मगच हात लावायचा."

"सॉरी, मॅडम."

वाचता वाचता उलगडा झाला. वेगाचा डावा काटा खोटा होता. बाहेरची वेग मोजणारी नळी बर्फाने बुजली होती. बाईंना गंमत वाटली. एवढीशी नळी, आणि केवढा कांगावा!

सातव्या ओळीनंतर त्याने थेट नववी वाचली. आठवी त्या नळीचा हीटर लावायची होती. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता हीटर स्वतःच लावला.

भोंगे थांबले. विमान सुखरूप उतरलं. खोलीतले दिवे लागले.

"यादी पूर्ण वाचली?" परीक्षकांनी विचारलं.

सहवैमानिकाने मान खाली घातली.

"ओळ न् ओळ," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला हे दोनदा चुकले, पण मग छान वाचली." खोटं बोलायची सवय नव्हती, त्यांचे कान तापले. तरी एका घराची चूल वाचवली म्हणून मनाला बरंच वाटलं.

सहवैमानिकाने सुस्कारा सोडला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने परीक्षकांपुढे ठेवला. कागदाच्या माथ्यावर लिहिलं होतं: नवीन परीक्षकाची निवड, अखेरची चाचणी.

"ठरलेल्या तिन्ही चुका केल्या, सर," तो म्हणाला. "मॅडमनी तिन्ही पकडल्या. सांगितल्या दोनच."